सहा वाजता किती टक्के

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्यांदा! आईचा फोन साडेचारला मान टाकून बसला, आणि यादीवाल्या बाईंचा फोन नेहमीप्रमाणे पाच ते सहाच्या मध्ये येऊन गेला. उद्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. आई मोठमोठ्या ऑफिसांच्या काचा पुसते. उद्या कुठल्या इमारतीत जायचं ते या बाई आदल्या संध्याकाळी फोनवर सांगतात. तीनदा फोन लागला नाही की नाव यादीतून बाहेर. दोनदा झालंय.

आई शांत. मी घामाघूम.

फोन माझा जुना. कॉलेजात असताना मीच तो रूट केला होता – म्हणजे कंपनीनं कुलूपबंद ठेवलेल्या आतल्या खोल्यांची किल्ली स्वतःकडे घेतली होती. फोन कायमचा बंद पडेल या भीतीनं मला तेव्हा दोन दिवस ताप आला होता. आज त्याच किल्लीवर सगळी भिस्त.

नवीन बॅटरी? दुकानातला दुरुस्तीवाला (सगळे त्याला डॉक्टर म्हणतात) म्हणाला, जुनी आता पार थकलीय, पण या मॉडेलची खरी मिळत नाही, खोटी फुगते. पॉवर बँक? चार्जिंगची खाच इतकी सैल झालीय की वायरीखाली काडेपेटी ठेवली तरच चार्ज होतो, खिशात कसा होणार! कामाच्या जागी प्लग लावायला सक्त मनाई. नवीन फोनचं नाव काढलं की आई म्हणते, हा चालतोय की.

साडेचारपर्यंत चालतोय, आई!

मी म्हटलं, मी करते काहीतरी. मागे गुपचूप जागी राहणारी अ‍ॅप्स, त्यांना झोपवायचं कसं, प्रोसेसरचा वेग, सगळं समजावून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि चादरींच्या घड्या घालायला लागली. आईला यातलं काय कळणार!

(ही वही टेबलावर उघडीच असते. मैत्रिणीच्या डायरीला चक्क कुलूप आहे. आमच्या घरात मी पहिलीच शाळेत गेलेली. मला सांभाळायला ताई घरी राहिली म्हणून मी गेले, ती नाही गेली. आता ताई तिच्या घरी. आईला आकडे येतात – मजले, बसचे नंबर, फोनचे टक्के. अक्षरं नाहीत. कुलूप कुणासाठी लावू?)

५ फेब्रुवारी, बुधवार

आईला आज काम नव्हतं. फोन माझ्या ताब्यात! नोंद ठेवणारं एक अ‍ॅप टाकलं. कुठलं अ‍ॅप कधी उघडलं, किती खाल्लं, सगळं लिहून ठेवतं. फोनमध्ये आधीच्या दिवसांचंही बरंच काही जमा होतं. प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचे नमुने तपासून आकडे लिहिणाऱ्या बाईला आणखी काय हवं? कालचा दिवस असा:

सकाळी ७ – १००
दुपारी १ – ७४
दुपारी २ – ३८ (!!)
साडेचार – गेला.

एक ते दोनमध्ये छत्तीस टक्के? एका तासात? त्या वेळी तर आईची जेवणाची सुट्टी असते! फोन काय जेवायला बसतो तिच्याबरोबर?

चोर सापडला. ससा. मुलांना अक्षरं शिकवायचं एक अ‍ॅप, वर गुबगुबीत ससा, हातात गाजराऐवजी पेन्सिल. ही छोटीची करामत असणार, ताईच्या मुलीची. रविवारी येते आणि फोन सोडत नाही. आणि हा ससा तिनं बंद केल्यावरही आत टुणटुण उड्या मारत राहतो म्हणायचा!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईला विचारलं, हा ससा फोनमध्ये कुणी घातला? ती कपबशी विसळत होती. म्हणाली, "छोटीनं घातला असेल. काढून टाक."

"तिला वाईट वाटेल का?"

"काढ म्हटलं ना."

तीच बशी तिनं परत विसळली.

काढून टाकायचा धीर झाला नाही, नुसता गोठवला. रूट असल्याचा हाच फायदा – अ‍ॅप जिवंत राहतं, पण ना दिसतं, ना हलतं, ना काही खातं. छोटी रडली तर वितळवता येईल. माझी सद्सद्विवेकबुद्धी शाबूत, ससा बर्फात!

हात फिरतोय तोवर आणखी अकरा अ‍ॅप्स गोठवली. हवामान सांगणारी तर तीन होती. आई हवामान खिडकीतून बघते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी सहा – ४१!!!

एक्केचाळीस! यादीवाल्या बाईंचा फोन पाच वाजून दहा मिनिटांनी आला आणि आईनं पहिल्या रिंगला उचलला. मी स्वयंपाकघरात गोल गोल फिरले. डोकं फळीला आपटलं. तरी फिरले.

आई म्हणाली, हुशार आहेस. एवढंच. पण तिनं म्हटलं!

८ फेब्रुवारी, शनिवार

घोटाळा. गोठवलेल्या अकरांत गजराचं अ‍ॅपही होतं! आई गजराशिवाय साडेपाचला उठली, ती जन्मभर तशीच उठत आलीय. मला काल आपसूक जाग आली म्हणून लक्षात आलं नव्हतं; आज मात्र उशीर झाला, कारण माझ्या फोनचा गजर मी कधीच ऐकत नाही, तिचा ऐकते. एक चप्पल निळी, एक काळी, अशी प्रयोगशाळेत पोचले. सर बघून म्हणाले, "दोन्ही नमुने एकाच ठिकाणचे आहेत का?"

गजर वितळवला. संध्याकाळी ४४.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आणि छोटी आल्या होत्या. मी प्रामाणिकपणे छोटीजवळ बसले आणि सांगितलं की तुझा ससा मी थोडे दिवस झोपवलाय, रागावू नकोस.

छोटी म्हणाली, "कुठला ससा?"

पेन्सिलवाला, म्हटलं. आजीच्या फोनमधला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू चार वर्षांची मीच आहे. मग तिला गाडी गाडी खेळायचं होतं. आई एकदम उठून कपडे वाळत घालायला गेली, ते अजून धुतलेसुद्धा नव्हते.

लहान मुलं विसरतात. हो ना?

१० फेब्रुवारी, सोमवार

५२!!! अर्धी बॅटरी घेऊन घरी आली! डॉक्टरच्या दुकानात मुद्दाम वाकडी वाट करून गेले आणि सहज विषय निघाल्यासारखं सांगितलं. तो म्हणाला, मी काउंटरवर खुर्ची टाकून देतो, बस तू. मी लाजले. मग घरी येईपर्यंत मनातल्या मनात दुकानाची पाटी रंगवली.

आई हल्ली गप्प असते. दमते बिचारी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शहाणपणा करायला गेले आणि हे झालं.

आधी-नंतरचा तक्ता करावा म्हणून (डॉक्टरला दाखवायला, दुसरं काय!) फोनमधल्या जुन्या नोंदी उपसल्या. ससा उघडल्याच्या वेळा एकाखाली एक लिहीत गेले.

सोमवारी एक वाजून पाच ते एक पन्नास. मंगळवारी एक वाजून चार ते एक बावन्न. बुधवार. गुरुवार. शुक्रवार. पुन्हा सोमवार.

रविवारी कधीच नाही. एकाही रविवारी नाही.

अ‍ॅप घातल्याची तारीख – सात महिन्यांपूर्वीची.

तीनदा तपासलं. प्रयोगशाळेत एखादा आकडा पटला नाही की नमुना परत घ्यायचा असतो. उद्या नमुना घ्यायला जाते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दातदुखीची खोटी सबब सांगून बारा वाजता निघाले. (खोटं बोलले. सरांना कधीतरी सांगेन.) आईची इमारत पत्ता विचारत शोधली. तळमजल्याला सगळी काच. मी समोरच्या बाजूला कुंड्यांच्या आड. दोन सुरक्षारक्षक माझ्याकडे संशयानं बघतायत, ते वेगळंच.

सुट्टी होती. बाकीच्या बायका पायरीवर बसून जेवत होत्या. आई आत, काचेजवळ एकटी. फोन तिच्या मांडीवर, बंद. थोडा वेळ तशीच बसली. मग उठली, काचेवर साबणाचा फवारा मारला आणि फेसात बोटानं काहीतरी काढलं. बाहेरून मला ते उलटं दिसत होतं. वाचायला वेळ लागला. मला!

स.

रबराच्या पट्टीनं पुसलं. पुन्हा फवारा. पुन्हा स. मग स आणि पुढे सा. दुसऱ्याच्या वरची रेघ तिला पटली नाही बहुतेक, मान वाकडी करून बघत राहिली. मग तेही पुसलं, काच एकदम लख्ख झाली, आणि मी कुंडीच्या मागे खाली बसले. तिनं मला पाहिलं असतं तर मी मेलेच असते.

सात महिने. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, काढून टाक.

५२ टक्के! कसला तोरा मिरवला मी त्या बावन्नचा!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगू का तिला? दहा वेळा तोंड उघडलं. दहा वेळा विचारलं, चहा घेणार? आई शेवटी म्हणाली, आणखी चहा घेतला तर मी वाहून जाईन.

नाही सांगत. तिनं मला नाही सांगितलं, म्हणजे तिचं काही कारण असेल. माझा मराठीचा पेपर मी तरी कुणाला आधी दाखवायचे? पूर्ण झाल्यावरच दाखवायचे.

पण ससा परत आणला की छत्तीस टक्के जाणार. फोन साडेचारला मरणार. तिसरी वेळ. यादी. ससा की यादी? दोन्ही! दोन्ही पाहिजे! दोन्ही!!

१६ फेब्रुवारी, रविवार

अख्खी सुट्टी सशाच्या पोटात घालवली. तर असं आहे – बिचारा ससा स्वतः फारसं खात नाहीच! प्रत्येक अक्षरानंतर तो जाहिरातीचा एक व्हिडिओ मागवतो. अ काढला, जाहिरात. आ काढला, जाहिरात. आईनं सात महिन्यांत बारा हजार जाहिराती बघितल्या असतील. साबणाच्या, गाड्यांच्या, टकलावर केस उगवायच्या. प्रत्येक वेळी वाट बघत.

रूट आहे, मग काय! जाहिराती जिथून येतात त्या सगळ्या पत्त्यांची यादी फोनच्या आत घालून सांगितलं, यांच्या दारात जायचं नाही. दार बंद. ससा वितळवला. त्याच जागी ठेवला, दुसऱ्या पानावर, डावीकडे खाली.

आईला काही बोलले नाही. उद्या तिला दिसेल का? दिसला तर उघडेल का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर एकही नमुना धड तपासला नाही. सात लिहायचं तिथे सत्तर लिहिलं, सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

उघडला! एक वाजून सहा मिनिटांनी! आणि सुट्टी संपल्यावर शहाणीनं अडीचलासुद्धा चोरून वीस मिनिटं उघडला! त्यामुळे पाच वाजता ९. साडेपाचला ५. यादीवाल्या बाईंनी नेमका आज उशीर केला, पाच अठ्ठेचाळीसला फोन. तेव्हा ३.

तीन! तीन टक्क्यांवर आईनं उद्याची इमारत ऐकली! मी नोंद वाचता वाचता टेबलाची कड धरली होती.

आई मात्र गाणं गुणगुणत होती. कुठलं ते कळलं नाही. तिलाही येत नसावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लवकर उठून शोध लावला. एक, बंद केल्यावरही ससा जागा राहतो, परत बोलावतील म्हणून. त्याला झोपायची सक्ती केली. दोन, नोंद ठेवणारं माझंच अ‍ॅप दिवसाला सात टक्के खातं! मीच चोर! काढून टाकलं. नाहीतरी मी आईच्या पाळतीवर होतेच, ते बरं नव्हतं.

आता आकडा डोळ्यांनीच बघावा लागेल, आणि आज मला प्रयोगशाळेत नऊ वाजणार. घरी येईपर्यंत फोन काडेपेटीवर चार्ज होत असेल. उद्या सकाळी आईला विचारून लिहीन. जागा सोडून ठेवते.

संध्याकाळी सहा –

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल सोडलेली जागा भरलेली आहे. पेन्सिलीनं, ठळक, रेघ सोडून थोडी वर चढलेली अक्षरं. माझी नव्हेत.

२४. ससा परत आला.

पानं मागं मागं उलटत गेले. चार तारखेच्या पानावर, "आईला यातलं काय कळणार!" या ओळीच्या पुढं, त्याच पेन्सिलीनं, एकच शब्द.

कळतं.