सून पाहायला चीनला

शिनिंग, चीन
९ जानेवारी

खिजरच्या अब्बांना,
अस्सलामु अलैकुम, वि. वि.

इथल्या सिमवर व्हॉट्सॲप चालत नाही, म्हणून तुमच्या ऑफिसच्या मेलवर पत्रच लिहिते. मी सुखरूप आहे. नाक तेवढं जागेवर आहे का, ते मधूनमधून चाचपून बघते. बाहेर उणे चौदा! आपल्या आखातातल्या सनदच्या थंडीतसुद्धा मफलर गुंडाळून बसणाऱ्या माणसाचं इथे काय झालं असतं, अल्ला जाणे.

शिआनहून रात्रीच्या गाडीने आलो. एकावर एक तीन बर्थ, दार नाही, पडदा नाही. मला खालचा मिळाला. इक्रा सगळ्यात वरच्यावर सरसर चढून गेली. सकाळी डोळे उघडते तो माझ्या पायाशी दोन चिनी म्हाताऱ्या थर्मास घेऊन निवांत चहा पीत बसलेल्या. दिवसा खालचा बर्थ सगळ्यांचाच असतो म्हणे. मीही मग पाय आवरले आणि त्यांचा चहा प्यायले. साखर मफी, नावालाही नाही, पण गरम होता.

आता मुद्द्याचं. खिजरने लग्नासाठी इक्राचं नाव काढल्यापासून तुमचा एकच धोशा, की गालिच्यांच्या खरेदीसाठी सारखी चीनला पळणारी, पायाला भिंगरी लावलेली पोरगी आपल्या घरात टिकायची नाही. माणूस प्रवासात कळतं असं आपल्यात म्हणतात, म्हणून तर तिने बरोबर चला म्हटल्याबरोबर मी बॅग भरली. मी तिची परीक्षाच घेते आहे. खोटंच सांगितलं की गुडघा दुखतो. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो, तिथे तिला दोनदा पिटाळलं. तिने हूं की चूं केलं नाही. तिसऱ्यांदा मात्र म्हणाली की चाची, दोघी जाऊ, गुडघाही मोकळा होईल. मला मुलगी फार आवडली. आता हट्ट सोडा आणि हिद्दला तिच्या अब्बांकडे, यासीनभाईंकडे जाऊन मागणी घाला.

लोभ आहेच, माझं ऐकलंत तर वाढेल.
अख्तरुन्निसा


सनद
११ जानेवारी

प्रिय अख्तर,
व अलैकुम सलाम, वि. वि.

पत्र पोचलं. इकडे आम्ही बापलेक सकाळ-संध्याकाळ अंडी खातो आहोत. आणखी चार दिवसांत आरवायला लागू.

तुझ्या हुकुमावरून काल हिद्दला गेलो. मनात नव्हतं, खोटं कशाला सांगू. मुलीला ही भटकंती सोडावी लागेल, एवढं आधीच बजावायचं ठरवून गेलो होतो. आमिनाभाभींनी पापलेट वाढलं, मी विषय काढला, आणि यासीनभाई शांतपणे म्हणाले की होकार इतक्यात देता येत नाही. इक्राला खिजर पसंत आहे. पण सासू कशी आहे ते प्रवासात बघून मगच सांगेन, असं घरी सांगूनच तिने तुला नेलं आहे! काटा घशात अडकता अडकता राहिला.

म्हणजे परीक्षा घ्यायला गेलेली तू परीक्षा देते आहेस. ते गुडघ्याचं सोंग आधी बंद कर. खिजरने हे ऐकल्यापासून धड जेवण केलेलं नाही, त्याचा चेहरा बघवत नाही. मुलगी मला अजून पटलेली नाही. पण तिने आपल्याला नाकारावं, हेही सोसवत नाही. जपून वाग.

लोभ असावा, आणि जरा गोड बोलावं.
हाशिम


लिनशिया, चीन
१४ जानेवारी

खिजरच्या अब्बांना,
अस्सलामु अलैकुम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून हातपाय गार पडले. आधी काही कमी गार नव्हते. दोन दिवस मी साखरेत घोळल्यासारखी बोलले. इक्राने विचारलं की चाची, तब्येत बरी आहे ना.

शिनिंगहून इथे बसने आलो. घाटात बर्फ लागला. ड्रायव्हर चाकांना साखळ्या बांधायला उतरला तो दार सताड उघडं टाकून. समोरची लेकुरवाळी कुडकुडत होती. मला राहवलं नाही. खाली उतरून अस्सल रत्नागिरीच्या भाषेत त्याचा उद्धार केला. एक अक्षर न कळूनही त्याने मुकाट्याने दार लावलं! सगळी बस हसली. मग मला वाईट वाटलं, म्हणून घरून आणलेला मुहर्रकचा हलवा उघडला आणि पहिला तुकडा त्याला दिला.

जागेवर येऊन बसले आणि रडूच कोसळलं. वाटलं, लेकाचं लग्न मी या घाटात मोडलं. इक्राला सगळं सांगून टाकलं: गुडघा खोटा, परीक्षा खरी, तिच्या प्रवासाला तुमची हरकत, आणि ती आपल्या घरात यावी असं मला मनापासून वाटतं. ती हसत सुटली. म्हणाली की गुडघ्याचं पहिल्या दिवशीच कळलं होतं, कारण मी कधी उजव्या पायाने लंगडायचे, कधी डाव्या. तिला फक्त गोड बोलणाऱ्या सासूची भीती होती. रागावून मग हलवा देणारी चालेल. मी पास!

पण होकार अजून नाही. ती म्हणते की तिच्या प्रवासाला हरकत चाचांची आहे, तर चाचांना ओळखल्याशिवाय हो कसं म्हणायचं? फेब्रुवारीत ती यासीनभाईंबरोबर पुन्हा इकडे येते आहे. तुम्हीही येताय, असं मी सांगून टाकलं. खिजरचं लग्न आता तुमच्या हातात आहे. यल्ला, चला, उद्याच लीव्ह टाका.

लोभ असावा. तुमच्या मापाचे लोकरीचे मोजे घेतले आहेत.
अख्तरुन्निसा