साखर आणि कमलचा खोकला

सानगडी, मंगळवार, डिसेंबर १९८३

भीती जात नाही, म्हणून लिहायला बसले. धाकटी बहीण कमल टीबी झाल्यापासून माझ्याकडेच आहे. तिचं औषध आणायला आज साकोलीला गेले, तर डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर तपासली. फारच वाढलेली निघाली.

म्हणाले, "फुफ्फुसात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. रक्तात साखर वाढली की त्या मंदावतात. तुम्ही बहिणीजवळ झोपता का?"

मी मान डोलावली. रोज एकाच अंथरुणावर झोपतो आम्ही. त्यांनी इन्सुलिन लिहून दिलं, आजपासूनच टोचून घ्या म्हणाले.

मंदावतात. बसमध्ये तोच शब्द डोक्यात फिरत होता. श्वास आत घ्यायचंही भेव वाटत होतं.

घरी आले. कमल खोकली आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला, नाक झाकलं. तिनं पाहिलं. काय वाटलं असेल तिला? मग सगळं सांगूनच टाकलं. ऐकून तिनं मुकाट्यानं आपली वाकळ उचलली आणि पडवीत नेली.

"काहून भेऊन राहिली, बाई? मी अठीच राहीन. तू पहिले सुई घे."

सिरिंज उकळली, औषध भरलं, पण मांडीत टोचायला हात धजेना. मंदावतात, मंदावतात. शेवटी डोळे मिटून टोचली.

"घेतली का?" पडवीतून कमलनं विचारलं.

"घेतली."

मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला तिच्याजवळ जायचं होतं. दारापर्यंत गेले, आणि तिथंच उभी राहिले.