मांडवात घेतलेलं नाव

केगाव, ता. उरण
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय गोदू,

तुला वैनीचे आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. नाशिकला अजून थंडी असेल. इकडे दुपारचं ऊन तापायला लागलंय. वालाला शेंगा लागल्यात, रोज कुणाच्या तरी शेतात मडक्यात शेंगा भाजून पोपटी लागते, आणि धुराचा वास थेट आपल्या ओटीपर्यंत येतो.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. नणंद रागावली तरी भावजयीचं पत्र फोडल्याशिवाय फेकणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

आई बरी आहे. मऊ भात, माशाचं पातळ कालवण खाते. मीही बरी आहे. हल्ली काठी घेऊन चालते एवढंच. काठीचं मागून सांगेन.

गणपतीत तू आलीस आणि रडत गेलीस, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आषाढात आईला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आख्ख्या आळीची लग्नं जिने धवले गाऊन लावली, त्या धवलारणीच्या तोंडून नुसतं "बा, बा" यायचं. तू तिच्यासमोर बसून सारखी विचारत होतीस, "आई, मी कोन? माझा नाव सांग." तिने तोंड फिरवलं. मग तू मला म्हणालीस, "ही आपली आई राहिलीच न्हाय, वैनी. आन तू तरी कुठं तरणी हायेस? आश्रमात ठेव तिला." मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तू चप्पल घातलीस आणि निघालीस. जेवलीसुद्धा नाहीस.

आता काठीचं सांगते. खरं तर सांगणारच नव्हते. म्हटलं, तू म्हणशील, "बघ, मी काय बोलले होते?"

मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारी परसात आईची लुगडी धुवत होते. शेवाळावरून पाय सटकला आणि धुण्याच्या दगडावर आपटले. घोट्यात हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. उठायला गेले, तर डोळ्यांपुढे अंधारी. हाका मारल्या. पण बाहेर रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यांच्या भोंग्यांपुढे माझा आवाज कुठे पोचणार? फोन चुलीजवळ राहिलेला. तुझा भाचा प्रणय तिकडे जहाजावर. घरात आई एकटी, तीही पलंगाला खिळलेली. मला माझ्या पायापेक्षा तिचीच काळजी. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर तिला पाणी कोण देणार?

आईने माझं विव्हळणं ऐकलं होतं. आतून तिचं "बा, बा" सुरू झालं. मग ते थांबलं. आणि मग, गोदू, तिने धवला धरला.

मांडवात देवाला बोलावतात तो धवला. एकेक शब्द स्वच्छ! आवाज थोडा चिरकला होता, पण तिचाच. मला वाटलं, मी मरते आहे, म्हणून असलं काही ऐकू येतंय.

पण आळीनेही तो ऐकला. गाड्यांचे भोंगे रोजचेच, त्यांच्याकडे कोण कान देतो? धवला मात्र लग्नाशिवाय कुणी गात नाही. पलीकडची नलू धावत आली. "अगो, कोनाचा लगीन हाय?" करत ओटीवर चढली. बघते तर आई पलंगावर अर्धी उठून बसलेली, गाणं चालूच, आणि डावा हात परसदाराकडे. नलूला कळलं. ती मागे आली, तिने आरडाओरडा करून बाया जमवल्या. मला उचलून गाडीत घालेपर्यंत आईने गाणं थांबवलं नाही. थांबलं तर कुणी यायचं नाही, असं तिला वाटलं असावं.

पनवेलच्या डॉक्टरांना मी पायाचं सोडून हेच आधी विचारलं. ते म्हणाले, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या बाजूंना असतं. बोलायची बाजू गेली, गायची शाबूत राहिली. आईकडे येऊन शिकवायला त्यांनी कल्पिता नावाची मुलगी दिली. ती शब्द चालीवर बसवून घेते. त्यामुळे आता आपल्या घरात सकाळी काय ऐकू येतं, ठाऊक आहे? धवल्याच्या सुरात, "नीरा गो नीरा, चाय मना दे." आणि मी उशीर केला, तर दुसरं कडवं!

प्लास्टर निघालं, तेवढ्यात नलूच्या निकेतचं लग्न ठरलं. गावात आता धवला येणारं कुणी उरलं नाही, लोक मोबाईलवर लावतात. नलू म्हणाली, "आळीत धवलारीण जिती असताना मी मशीन वाजवू कं?" चार माणसांत आई अडखळली तर? लोक हसले तर? मी आईला विचारलं. तिने डाव्या हाताने पेटीकडे बोट केलं. त्यात तिचं हिरवं लुगडं होतं.

हळदीच्या दिवशी पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. डीजे बंद झाला. आईने डोळे मिटले आणि सुरुवात केली. एक ओळ सांडली नाही गं! म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि पोरं, जी कधी धवल्याला थांबत नाहीत, ती उभी राहून ऐकत होती.

मग हळद लावायचा धवला आला. "मांडवाचे दारी गो, कोन ती उभी, हलदीची वाटी गो, बहिनीचे हाती." पुढे नवऱ्याच्या बहिणीचं नाव घ्यायचं. निकेतची बहीण सोनल वाटी घेऊन तयार होती. आईने तिच्याकडे बघितलं, आणि गायली, "गोदू गो गोदू, बहिनीचे हाती."

कुणीतरी पुटपुटलं, "सोनल, आजी, सोनल." आईने पुन्हा तेच नाव घेतलं. मोठ्याने. तेव्हा सोनलच म्हणाली, "राहू द्या. पहिली हलद गोदूआत्याचे नावाची." आणि तिने तशी लावली.

बोलून तिला तुझं नाव घेता येत नव्हतं, गोदू. म्हणून तिने तोंड फिरवलं होतं. विसरली नव्हती.

तेव्हा आता आश्रमाचं नाव काढू नकोस. मात्र एकटीने ओढण्याचं माझं वय राहिलेलं नाही, हे तू बोललीस तेही खरं. सकाळी आईची अंघोळ घालायला मनुबाई येते, दुपारी नलू बसते. उरलेला वाटा तुझा. मी तो मागते आहे, विनवत नाही.

धवला एकटीने गायचा नसतो, मागून ओळ झेलणारी लागते; लग्नाआधी तू झेलायचीस. मांडवात मी झेलली, पण माझा गळा कसा आहे ते तू जाणतेस. आई दर ओळीनंतर थांबायची आणि कान देऊन बघायची. ती माझी वाट बघत नव्हती.

तुझ्या आईच्या घरातून, तिच्या वतीनेही,
नीरावैनी