ठाणेदाराचं पाणी

१३ जुलै, रवि.
वैशूला अकोल्याच्या होस्टेलवर सोडून आलो. नीटच्या तयारीचं दुसरं वर्ष. खोलीत तिघी. मासा ठेवायची परवानगी नाही, त्यामुळे तिचा ठाणेदार आता माझ्याकडे. निळा फायटर मासा, एकटाच राहतो. आरसा दाखवला की गाल फुगवून अंगावर येतो, म्हणून हे नाव. जाताना तिने टाकीवर कागद चिकटवला: दोन वेळा चारच दाणे. आठवड्याला तिसरा भाग पाणी बदलायचं, सगळं नाही. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग टाकायचं. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. खाली दोन रेघा मारून: बाबा, नक्की!
निघालो तेव्हा ती होस्टेलच्या फाटकात उभी होती. हात हलवला नाही. मी हलवला.

१६ जुलै, बुध.
घर फार शांत. मी आणि शोभा दोघंच. फुलांच्या दुकानातून आलो की टाकीसमोर बसतो. ठाणेदार येतो, बघतो, जातो. शेपटीच्या टोकाला खाच आहे, लहानपणी कशाला तरी अडकली म्हणे. बाजारात फूलवाल्या सगळ्यांना सांगून झालं, पोरगी डॉक्टर होऊन राहिली.

२० जुलै, रवि.
टाकीचं पाणी पिवळट दिसत होतं. काचेला हिरवं. बघवेना. नळ आला होता, सगळं पाणी ओतून दिलं. खडे घासले, स्पंज कपड्याच्या पावडरीने धुऊन पांढरा केला. ताजं पाणी काठोकाठ. शोभा म्हणाली, "वैशूनं कागदावर काय लिवलं हाये, पाहा तरी."
"अवं, तीस वर्सं पान्यातच हात हाये माया."
खरंच आहे ते. निशिगंध, गुलाब, शेवंती, काहीही असो, रोज सकाळी बादली घासून शिळं पाणी फेकतो. म्हणून माझं फूल तीन दिवस उभं राहतं. टाकी आरशासारखी झाली. समाधान वाटलं.

२१ जुलै, सोम.
ठाणेदार कोपऱ्यात. पर अंगाला चिकटलेले. दाणे तसेच तरंगत राहिले. नवीन पाण्याला लाजत असेल.

२२ जुलै, मंगळ.
गेला.
मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. संध्याकाळी वैशूचा फोन. "ठाणेदार कसा हाये?" म्हटलं, मजेत. शोभा उठून स्वयंपाकघरात गेली.

२४ जुलै, गुरु.
माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार सलीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "काका, तुमी त्याचं घर धुतलं नाही, उजाडून टाकलं. स्पंजात बारीक जंतू राह्यतात, माशाची घाण तेच खातात. ते साबनानं मारले. वरून नळाच्या पान्यातली क्लोरीनची दवा. सगळंच एका दिवशी बदलवलं, त्यानं जावं कुठं?"
मी फुलांचं सांगायला गेलो. ते म्हणाले, "फूल तोडलेलं राह्यते काका. मासा जित्ता राह्यते."
तस्साच निळा दुसरा आणला. वै.ला सांगणार नाही. पोरीचं अभ्यासात लक्ष राहायला पाहिजे.

२७ जुलै, रवि.
व्हिडिओ कॉल. वै. म्हणाली, आरसा दाखवा त्याले. दाखवला. बुवा फुगले! ती खूप वेळ बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि ठेवला. सुटलो.

५ ऑग., मंगळ.
आता कागद पाळतो. फक्त आठवड्याऐवजी रोज थोडं थोडं पाणी काढायचं, मुरवलेलं टाकायचं. सलीमभाई म्हणाले, नवीन टाकीसारखं धरा, महिनाभर जपा. याने वर बुडबुड्यांचं घरटं केलं आहे. रुळला की करतो म्हणे. वै.ला फोनवर सांगितलं. "हं." जेवली का? "हो." पेपर कसा गेला? "मजेत."
पेपर मजेत जातो का कधी? पण मी पुढे विचारलं नाही.

१६ ऑग., शनि.
होस्टेलच्या मेसवाल्या मावशींचा फोन. पोरगी बारा दिवसांपासून क्लासला गेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. दिवसातून एकदा जेवते, तेही कोणी ओढून आणलं तर.
बारा दिवस. तेवढ्या दिवसांत मी माशाचे पर रोज दोनदा बघितले.

१७ ऑग., रवि.
अकोला. बाहेरच्या बाकावर बसलो दोघं. हाडं दिसतात. मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, "ठाणेदार कवा गेला, बाबा?"
नव्याच्या शेपटीला खाच नव्हती. तिला व्हिडिओ कॉलच्या दिवशीच कळलं होतं.
"मंग बोलली काहून नाही?"
"तुमी मजेत म्हनलं. मंग मीबी मजेत म्हनत गेली."
सगळं सांगितलं तिला, पावडरीसकट. रडलो. ती नाही रडली. म्हणाली, "मी घरी आली तर तुमी लोकांले काय सांगान?"
माझ्या डोळ्यांसमोर अख्खा फुलबाजार आला. मग उठलो, एसटीची वेळ झाली म्हणालो. झाली नव्हती. स्टँडवर तासभर बसून होतो. लाज वाटते लिहायला.

१८ ऑग., सोम.
शोभा एवढंच म्हणाली, "तिनं इचारलं, अन् तुमी उठून आले?"

१९ ऑग., मंगळ.
पोळा तोंडावर, हारांच्या ऑर्डरी पडून आहेत. सकाळी वै.चा मेसेज: आज पाणी किती बदललं?
लिहिलं: तांब्याभर. स्पंजाला हात लावला नाही.
मग लिहिलं: तो मजेत आहे. पुसलं. खरं ते लिहिलं: आज त्याने खाल्लं नाही. कोपऱ्यात आहे. मला भीती वाटते.
मग तिचं आलं: मीपण नाही खाल्लं.
आणि लगेच: मलेपण भीती वाटते.

दुकान लावलं नाही. शोभाने डबा बांधला, म्हणाली मीबी येते. टाकीत दाणे टाकले नाहीत, उगाच सडतील. कागद तिथेच आहे. लोकांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. अकराची अकोल्याची एसटी आहे, पोरीला आणायला निघतो.