विनिफ्रेड स्ट्रीट अरुंदच राहणार

सोमवार, १४ सप्टेंबर

शनिवारच्या नोंदीत चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. ‘रस्ता रुंद करायला अख्ख्या गल्लीचा विरोध आहे’ असं मी लिहिलं होतं. अख्खी गल्ली म्हणजे मी, आई आणि समोरच्या मिसेस कोंडोस. त्यातही मिसेस कोंडोस ‘हो, हो, अगदी बरोबर’ म्हणाल्या ते मला नव्हे, फोनवर बहिणीला. आई नुसतं ‘बरं’ म्हणाली. तो मी विरोध धरते.

बाकी सगळं खरं. काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विनिफ्रेड स्ट्रीट दीड मीटरनं रुंद करायचाय. तो दीड मीटर आमच्या दारापुढच्या गवताच्या पट्टीतून जाणार. पट्टी काउन्सिलची, गवत कापायचं आम्ही. आणि पट्टीवर आमचं बॉटलब्रशचं, लाल ब्रशसारख्या फुलांचं झाड. मी शाळेत गेले दहाव्या वर्षी. तोवर आईनंच शिकवलं, आणि वर्ग याच झाडाखाली भरायचा. वर्गात मी एकटी, त्यामुळे नेहमी पहिली.

हे झाड पाडू देणार नाही. वेळ आली तर मशीनपुढे बसेन. शब्द दिला. (स्वतःला.)

शुक्रवार, १८ सप्टेंबर

शेजारच्या नॉर्म टलींना समजवायला गेले. हा माणूस रुंदीकरणाच्या बाजूचा, कारण काय तर त्यांच्या कॅरव्हॅनला वळायला जागा पुरत नाही. हे चाकांवरचं घर मी लहान होते तेव्हापासून तिथेच उभं आहे. त्याखाली पॉसम नावाच्या प्राण्यांची तिसरी पिढी नांदतेय.

मी शांतपणे सांगितलं, की रस्ता अरुंद असला की गाड्या आपोआप हळू जातात. रुंद केला की पोरंटोरं सुसाट सुटतात. नॉर्म म्हणाले, “टॅमसिन बाळ, मग नुसती पायवाटच ठेवू या की. आपण सगळे उंटावरून जाऊ.” वर बायकोला हाक मारून तेच पुन्हा ऐकवलं.

अशा माणसाशी वाद घालणं माझ्या पातळीला शोभत नाही. उत्तर सुचलं होतं. घरी आल्यावर.

बुधवार, २३ सप्टेंबर

कम्युनिटी हॉलमध्ये सभा. काउन्सिलचा इंजिनियर आला होता. डिलन नाव, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा, बूट चकचकीत. भिंतीवर चित्र दाखवलं. त्यात आमचा रस्ता, त्यावर हसणारं कुटुंब, आणि झाड कुठेच नाही. चित्रातसुद्धा तोडलं.

मी पूर्ण वेळ हात वर धरून बसले होते. हात वर केल्याशिवाय बोलायचं नसतं, हे शाळेत पहिल्याच दिवशी कळलं आणि मी ते कधी मोडलेलं नाही. बाकीचे हात वर न करता बोलले आणि त्यांचं ऐकलं गेलं. या देशाचं काय होणार! शेवटी मिसेस कोंडोस माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “अगं, बाथरूम डाव्या हाताला आहे. जा ना, विचारायचं काय त्यात?”

तरी उपस्थिती ठसठशीत झाली. डिलननं दोनदा माझ्या हाताकडे पाहिलं.

गुरुवार, १ ऑक्टोबर

योजना तयार. पुढच्या गुरुवारी डिलन पाहणीला येतोय. त्या सकाळी सगळ्यांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या करायच्या. मग त्याला दिसेल, की अरुंद रस्त्यावर वाहनं कशी गोगलगायीसारखी चालतात. डोळ्यांनी पाहिलं की पटतं. चित्रं दाखवायची गरज नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “गुरुवारी कचऱ्याचा ट्रक येतो ना गं?” आईला तपशिलात अडकायची सवय आहे.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

आश्चर्य! नॉर्म टली स्वतःहून सामील. कॅरव्हॅनच बाहेर काढून रस्त्यावर लावतो म्हणाले. “तू म्हणशील तिथे लावतो, बाळ. अगदी तू म्हणशील तिथे.” डोळ्यांत पाणी होतं. (हसूही असेल. वयानं डोळे असे होतात.)

माणूस बदलतो. मला त्यांच्याविषयी जे वाटलं होतं ते मागे घेते. मिसेस कोंडोसच्या कोरोलाच्या बरोबर समोर जागा दाखवली.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

गोगलगायीसारखं चालणं आणि मुळीच न चालणं यात फरक असतो, हे मान्य.

कचऱ्याचा ट्रक कॅरव्हॅन आणि कोरोला यांच्यामध्ये अडकला. पुढे जाईना, मागे येईना. ड्रायव्हर जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एक शब्द मला नवीन होता. मिसेस कोंडोस झग्यातच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या गाडीला ओरखडा पडला तर तुझ्या झाडाच्या मी काड्या करीन, काड्या!” नॉर्मनी दारात खुर्ची टाकली होती. हातात चहा. “बघा साहेब,” ते डिलनला म्हणाले, “उद्या अ‍ॅम्ब्युलन्स आली तर?” डिलननं भराभर फोटो काढले.

आता बोलायची वेळ होती. पण त्याला शांतपणे विचार करता यावा म्हणून मी झाडामागे गेले. खोड बारीक आहे. तो म्हणाला, “हॅलो.” मी हात वर केला. तेवढ्यात ट्रकनं भोंगा वाजवला.

एकंदर परिणाम संमिश्र. कचरा कुणाचाच उचलला गेला नाही.

शनिवार, १० ऑक्टोबर

गल्लीत वास. लोक बोलत नाहीत. चळवळीत एकटेपणा येतोच.

कॅरव्हॅन परत जाग्यावर. नॉर्मनी एकाच दमात वळवली. म्हणजे जागा पुरतच होती!

गुरुवार, २२ ऑक्टोबर

झाड फुललंय. नेहमीपेक्षा जास्त. खोडावर गुलाबी रंगाची फुली मारून गेलेत. मशीन बुधवारी, ४ नोव्हेंबरला येणार.

आईनं फुलीवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, “इथे तू सातचा पाढा म्हणायचीस. सात आठे पंचावन्न. तीन महिने.” मी म्हटलं, छप्पन्न. म्हणाली, “आता गं.”

बुधवार, २८ ऑक्टोबर

आईनं चार तारखेची रजा टाकली. मला न विचारता! मशीनपुढे खुर्ची टाकून बसणार म्हणते. आणि मिसेस कोंडोस किटलीभर कॉफी घेऊन शेजारी बसणार. मी विचारलं, तुम्हाला तर झाडाच्या काड्या करायच्या होत्या? त्या म्हणाल्या, “मी करीन, माझा राग होता तो. त्या चकचकीत बुटानं का म्हणून?”

भावनेच्या भरात घेतलेला निर्णय. पूर्वतयारी नाही, मुद्दे नाहीत. शिवाय बुधवारी मला दात दाखवायला जायचंय. वेळ आज सकाळीच घेतली, बदलता येणार नाही.

मी बसणार आदल्या दिवशी. मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते, सगळं मेलबर्न टोप्या घालून शर्यत बघत असतं, हे मला ठाऊक आहे. उलट तेच सोयीचं. मशीनचा गोंगाट नाही, डिलनचा व्यत्यय नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, “लोकांचं वरातीमागून घोडं असतं. तुझं आदल्या दिवशी.” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो नसता फिरवला तरी चाललं असतं.

असो. शब्द दिला म्हणजे दिला. मंगळवार, ३ नोव्हेंबर, सकाळी ठीक सात वाजता मी झाडापुढे बसणार.