बोळात बहात्तर

११ मे, शनिवार. सकाळ.
आजपासून पक्की नोंद ठेवायची.
आठ महिने मार्ला आणि मी तिच्या आईवडिलांकडे, तिच्या लहानपणच्या खोलीत राहतो. भिंतीवर तिच्या वडिलांनी मारलेल्या हरणांची सात डोकी आहेत. ऑगस्टमध्ये बाळ येणार. त्या खोलीत आणखी एका डोक्याला जागा नाही.
परसात सासऱ्यांचं जुनं घर रिकामं पडलंय, कारखान्यातून तयार करून चाकांवर आणतात तसलं. टेक्सासच्या उन्हात आत भट्टी होते. काल जेवताना सासरे, म्हणजे डॉयल, म्हणाले, "वेल्डन, तिथे एसीचा डबा बसव. आत बहात्तर डिग्री झाली की चावी तुझी." बहात्तर फॅरनहाइट, म्हणजे सुखाचा गारवा.
डबा आणलाय. गारवा आणि ऊब एकाच पेटीत, पेटी घराबाहेर. उन्हाळ्यात विजेवर गार, हिवाळ्यात गॅसवर गरम. एक कोपरा चेपलेला म्हणून स्वस्त मिळाला. एसीचा नऊ महिन्यांचा कोर्स मी चार महिने केला आहे. उरलेले पाच बहुधा उजळणीचे असतात.
अंदाज: दोन शनिवार.

१८ मे, शनिवार.
डब्यासाठी काँक्रीटचा चबुतरा ओतला. पाणसळ अकरा वेळा लावली. बाकी कामांना वेळ उरला नाही, पण पाया महत्त्वाचा.
घराच्या तळाशी चहूबाजूंनी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आहे, आणि खाली शिरायला एकच झरोका. चबुतरा बरोबर त्या झरोक्यासमोर. पाइप आत न्यायला सोपं.
डॉयल आले, बघून म्हणाले, "इथेच?" मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्यांचं मौन म्हणजे शाबासकी, असं मार्ला एकदा म्हणाली होती. (की उलट म्हणाली होती?)

२४ मे, शुक्रवार.
घराखाली पाठीवर सरपटत जाऊन दोन्ही जाड नळ्यांना चिठ्ठ्या बांधल्या. एक नळी गार हवा खोल्यांना देणारी, दुसरी घराच्या आत, खोल्यांमधल्या अरुंद बोळातल्या जमिनीच्या जाळीतून हवा परत घेणारी. डावी देणारी, उजवी घेणारी. सुवाच्य अक्षरात लिहिलं. या देशात अर्ध्या चुका घाणेरड्या अक्षरामुळे होतात.

२५ मे, शनिवार. ११:२०
चर्चमधले सहा जण मदतीला आले. मी आधीच घराखाली. त्यांनी डबा ढकलत झरोक्याला भिडवला. मी आतून नळ्या चढवल्या, पट्टे आवळले. चिठ्ठ्यांप्रमाणे.

११:५०
झरोका आता डब्यामागे आहे. माझ्या आराखड्यात मी आत होतो. बाहेर कसा येणार, हे त्यात नव्हतं.

१२:१०
हाक मारणार होतो. तेवढ्यात डॉयलचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होते, "पोरगा अजून खालीच आहे. काम चाललंय त्याचं. याला काम करताना पहिल्यांदा बघतोय मी." लोक हसले. पण सूर कौतुकाचा होता. आता हाक मारणं बरं दिसणार नाही.

१२:४०
बाहेर सगळे जेवतायत. भाजलेल्या मांसाचा वास येतोय. कुणीतरी विचारलं, त्याला ताट द्यायचं का. डॉयल म्हणाले, नको, कामाची लय तुटेल.

१:५०
काम करत असल्याचा आवाज यावा म्हणून अधूनमधून पान्हा पाइपवर आपटतोय. पाठीखाली काहीतरी चालतंय.

२:३०
मार्लाने भिंतीला कान लावून हळूच विचारलं, "वेल्डन, तू अडकलायस का?" मी म्हणालो, तपासणी चालू आहे. ती म्हणाली, "तपासणी किती अडकलीय?"

३:००
सहा जणांनी डबा हातभर ओढला. बाहेर आलो. डबा पुन्हा जागेवर. मी तपासणी समाधानकारक असल्याचं जाहीर केलं. कुणी काही विचारलं नाही. सभ्य माणसं.

६ जून, गुरुवार.
गॅस कंपनीचा माणूस आला. टाकीच्या गॅसवर चालवायला डब्याच्या बर्नरला बारीक छिद्रांची तोंडं लागतात. डब्यासोबत ती पिशवीत येतात, आणि बरेच जण ती पिशवी फेकून देतात. मी सगळी मोजून बसवली होती. ज्योत निळी, गळती शून्य. तो म्हणाला, "हे असं नीट केलेलं मी वर्षभरात पाहिलं नाही." हे वाक्य त्याच्याकडून लिहून घ्यायला हवं होतं.
मात्र चाचणीसाठी तात्पुरत्या जोडणीवर ऊब चालवल्यामुळे घर आणखी तापलं. गरम हवा फक्त बोळातल्या जाळीतून आली. सासूबाई नेल्डा पडद्यांची मापं घेत त्याच जाळीवर उभ्या होत्या. झग्यात वारा शिरला, त्या किंचाळून बाहेर गेल्या. बोळ मध्यभागी असल्यामुळे आधी तापतो. स्वाभाविक आहे.

८ जून, शनिवार.
गॅसचा पक्का पाइप, विजेची पक्की तार, निचरा, सगळं जोडून झालं. आता डबा भूकंपानेसुद्धा हलणार नाही.
सुरू केला. बंद पडला. वीज जोडणाऱ्या खटक्यात लाल मुंग्या अडकून मेल्या होत्या. ब्रशने झाडल्या. दर सोमवारी मुंग्या, दर महिन्याला गाळणी, असं वेळापत्रक दारावर चिकटवलं. देखभालीत मला कुणी हरवू शकत नाही.

९ जून, रविवार. दुपारी ४.
बहात्तर. बोळातल्या तापमान दाखवणाऱ्या यंत्रावर स्पष्ट आकडा. मार्लाला हाताला धरून दाखवला. ती मला बिलगली. आजचा दिवस मोठा आहे.

१० जून, सोमवार.
मार्ला म्हणते, झोपायच्या खोलीत उकडतं. मी म्हणालो, भिंती जुन्या आहेत, त्यांना सवय होऊ दे. तिने वाणसामानाची पावती जमिनीतल्या जाळीवर टाकली. पावती जाळीला घट्ट चिकटली. "हवा यायला हवी ना इथून?" कागद दमट असावा.

१५ जून, शनिवार.
जाळीवर आणखी आठ कागद टाकून पाहिले. सगळे दमट.

१७ जून, सोमवार.
मुंग्या झाडून झाल्यावर पुस्तिकेतलं चित्र बघितलं. घराखाली मी ज्या बाजूला डोकं करून पाठीवर पडलो होतो, त्या बाजूने पडलेल्या माणसाचं डावं हे डब्याचं उजवं होतं. म्हणजे गार हवा बोळात सुटते, आणि खोल्यांतली हवा ओढली जाते.
हे फक्त इथे लिहितोय.

१९ जून, बुधवार.
डॉयल आले. झोपायच्या खोलीत भिंतीचा तापमापक टांगला, खुर्ची घेऊन बोळात बसले. नेल्डाने दिलेला बर्फाचा चहा संपवला. मग उठून बघून आले. एक्क्याण्णव.
मी म्हणालो, सर, आपल्या बोलण्यात आत बहात्तर असं ठरलं होतं. खोलीचा उल्लेख नव्हता.
त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "शब्द म्हणजे शब्द. घर तुझं. पण माझी पोटुशी पोर एक्क्याण्णवात झोपणार नाही." दारात थांबले. "चुकलं म्हण. शनिवारी माणसं आणतो, पाइप सोडू, डबा हलवू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."
मी म्हणालो, थोडी बारीक जुळवाजुळव बाकी आहे.

२२ जून, शनिवार.
मार्ला तिकडेच. मी इकडे, बोळात, सतरंजीवर. बोळ तीन फूट रुंद आहे. कुशीवर वळताना आधी ठरवावं लागतं. तापमान उत्तम.

२९ जून, शनिवार.
मार्ला ताट घेऊन आली. बोळात दोघं समोरासमोर मावत नाही, म्हणून एकामागे एक बसलो. माझ्या पाठीला पाठ टेकून म्हणाली, "दोन शब्द आहेत वेल्डन, माझं चुकलं. पप्पा एरवी कुणाला इतकी सोपी वाट देत नाहीत." मी म्हणालो, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, बाळ वेळ बघणार नाही.

६ जुलै, शनिवार.
वाक्य तयार केलं. कच्चं लिहिलं, तपासलं, पक्कं लिहिलं: "सर, नळ्या उलट्या जोडल्या. चूक माझी आहे. मदत हवी." काना-मात्रा बरोबर. घडी घालून खिशात. उद्या चर्चनंतर.

७ जुलै, रविवार.
जेवायला गेलो. नेल्डाने मक्याची पोळी वाढली. मार्लाच्या खोलीत पाळणा जोडून झाला होता. डॉयलनी एकट्याने जोडलेला. मी हलवून बघितला, जरासुद्धा करकरला नाही. मार्ला माझ्याकडे बघत होती. मी खिशात हात घातला.
डॉयलनी विचारलं, "तिकडे कसं काय?"
मी म्हणालो, "एकदम छान, सर."
मार्ला ताटं उचलायला उठली.
कागद अजून खिशात आहे. आत बहात्तर.