कँटीनच्या भिंतीवरची भुवई

तीर्थरूप आत्यास,

बडबड्याचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, उठताना तुझ्या नजरेला नजर द्यायला नको). गुडघे काय म्हणतात? काका अजून घरात चोरपावलांनीच वावरतात ना? मग तुझी तब्येत ठणठणीत आहे, हे ओघानंच आलं.

पत्रास कारण की, माझं डिझाइनचं शिक्षण यंदा माझ्या जिभेनंच धोक्यात आणलं. इथं पोस्टर केलं की त्याच्या शेजारी उभं राहून ते असंच का केलं, हे पटवून द्यायचं असतं. बोलायचं म्हटल्यावर आपलं घराणं मागे हटतंय होय! एकदा नुसता लाल रंग उरला होता म्हणून सगळं लाल रंगवलं, आणि त्यामागच्या विचारावर असा काही बोललो की सरांनीच पाणी मागवलं. अशी दोन वर्षं निभावली. यंदा नव्या बाई आल्या आणि म्हणाल्या, परीक्षेत पोस्टर बोलेल, तू दाराबाहेर थांबायचं. विषय काय, तर कँटीनमध्ये ज्यानं त्यानं आपली थाळी धुवावी. नापास झालो तर बाबा मला दुकानात खिळे तोलायला बसवणार, हे तुला ठाऊक आहेच (कल्पना तुझीच होती, असं कानावर आलंय).

सरावाला मी रडणारी थाळी काढली. तिच्या अश्रूंची नदी, नदीत मासे, माशाच्या डोळ्यात पृथ्वी. लोक थांबून कौतुक करायचे आणि उष्ट्या थाळ्या तिच्याच खाली ठेवून जायचे. मला राहवेना. धावत जाऊन एकेकाला अर्थ समजावू लागलो, तर ऐकता ऐकता लोकांचे हात वाळले, थाळी कुणी धुतली नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "तू काय जन्मभर भिंतीला टांगून घेणार आहेस? सांगू नकोस. त्यांना आपणहून वाटायला लाव."

मग कोरा कागद समोर घेऊन बसलो. आपण कुणी न सांगता थाळी कधी धुतली? उत्तर एकच आलं, आणि खरं सांगतो, तुझी फार आठवण आली. तू कधी चकार शब्द काढला नाहीस. नुसते दोन डोळे, नाकावर घसरलेला चष्मा आणि वर गेलेली डावी भुवई. तेवढंच काढलं, एक अक्षर लिहिलं नाही. परीक्षेच्या दिवशी पहिल्यानं थाळी ठेवली, वर पाहिलं आणि पुन्हा उचलली. प्राचार्यांनी आपली धुतलीच, वर शेजाऱ्याचा चमचाही धुतला. मी दाराबाहेर तोंड मिटून उभा होतो आणि ऊर भरून आला होता.

तुझा लाडका (असावा),
बडबड्या

ता. क. : बाईंना ते पोस्टर छापून सगळीकडे लावायचंय. पण चेहरा जिचा, तिची लेखी परवानगी हवी. ती येईपर्यंत निकाल राखून ठेवलाय. होकार पत्रानंच कळव. स्वतः येऊ नकोस, इथली मुलं हळवी आहेत.

आणखी ता. क. : निकाल अडकला म्हणजे मी आपटलोच, असं समजून काल बाबा मला दुकानात न्यायला आले. कँटीनमध्ये जेवले, वर पाहिलं आणि मुकाट्यानं आपली थाळी धुतली. मग माझीही धुतली. भिंतीकडे पाठ करून हळूच म्हणाले, "ताईला विचारलंस का रे?" तुझ्या डोळ्यांदेखत दुकानाचा विषय काढायची त्यांची छाती झाली नाही, तसेच परत गेले. आत्या, सही कर गं. सहीवाचून तू भिंतीवरून उतरलीस की ते पुन्हा येतील.